विमानाचे वेळापत्रक आणि सुट्टीचा नकाशा

एखादी विमान कंपनी दूरच्या पर्यटनस्थळासाठी नवी सेवा जाहीर करते तेव्हा तिच्या जाहिरातीत निळा समुद्र, पांढरी वाळू आणि माडांची रांग ठरलेली असते. मात्र ज्या कागदांवर त्या सेवेचा निर्णय झालेला असतो त्यांत समुद्राचा उल्लेख फार तर ओझरता येतो. तिथे पहिले प्रश्न विचारले जातात ते आपल्याच दाराशी उभ्या असलेल्या विमानाबद्दल: ते आठवड्यातले किती तास मोकळे आहे, ते कोणत्या शहरातून उडणार आहे, त्या शहरात सुट्टीवर खर्च करू शकणारी माणसे किती आहेत आणि त्यांना सुट्टी केव्हा मिळते. या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर, त्या चौकटीत बसणारा किनारा किंवा अभयारण्य शोधले जाते. ठिकाणाचे सौंदर्य निरर्थक असते असे नव्हे, पण सुंदर ठिकाणे जगात मुबलक आहेत आणि गणितात बसणारी थोडी, त्यामुळे निवडीचा कस सौंदर्यावर लागत नाही.

लांब पल्ला म्हणजे नेमके किती अंतर याची सर्वमान्य व्याख्या नाही. साधारणपणे सहा तासांहून अधिक उड्डाणाला तसे म्हणण्याचा प्रघात आहे. अशा मार्गांवरचे प्रवासी ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात: कामानिमित्त जाणारे, नातेवाइकांना भेटायला जाणारे आणि निव्वळ सहलीला जाणारे. या तिसऱ्या वर्गाच्या बळावर चालणारे मार्ग कसे ठरतात हे समजून घ्यायला जर्मनीतील फ्रँकफर्टइतके सोयीचे विमानतळ क्वचितच सापडेल. सहलींच्या विमानसेवेत १९५६पासून असलेली आणि १९७१मध्ये बोइंग ७४७सारखे प्रचंड विमान सुट्टीच्या प्रवाशांसाठी वापरात आणणारी कॉन्डोर ही कंपनी तिथलीच. आणि लुफ्तान्सा समूहाने २०२१च्या जुलैमध्ये सुरू केलेली, आज डिस्कव्हर एअरलाइन्स या नावाने ओळखली जाणारी तिची प्रतिस्पर्धीही तिथूनच उडते. डिस्कव्हरचे पहिलेच व्यावसायिक उड्डाण केनियातील मोम्बासा आणि तिथून पुढे टांझानियातील झांझिबार असे होते, आणि हा योगायोग नव्हता.

सहलीच्या प्रवाशाचा स्वभाव आधी पाहिला पाहिजे. कामासाठी सिंगापूरला निघालेल्या माणसाला तिकीट महाग झाले म्हणून बँकॉकला जाता येत नाही, परंतु जानेवारीच्या कडाक्यात ऊन शोधणाऱ्या जर्मन कुटुंबाला झांझिबार, मालदीव, मॉरिशस आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधील पुंता काना यांपैकी काहीही चालते. त्यामुळे झांझिबारच्या विमानाची खरी स्पर्धा झांझिबारला जाणाऱ्या दुसऱ्या विमानाशी जितकी असते तितकीच ती कॅरिबियन समुद्रावरच्या एखाद्या हॉटेलाच्या सवलतीशी असते. हा प्रवासी भाड्याबाबत चोखंदळ असतो आणि तारखांबाबत मात्र शाळेच्या सुट्ट्यांनी बांधलेला असतो. शिवाय अशा मार्गावरची मागणी बहुतेक एकाच टोकाकडून येते, कारण फ्रँकफर्टचे लोक झांझिबारला सुट्टीला जातात, झांझिबारचे लोक फ्रँकफर्टला सुट्टीला येत नाहीत.

या एकतर्फीपणाची किंमत किती असते हे एका काल्पनिक हंगामावरून दिसेल. समजा, नोव्हेंबर ते मार्च असे २२ आठवडे, आठवड्यातून दोनदा सेवा चालवायची आहे आणि प्रत्येक पर्यटक तिथे बरोबर दोन आठवडे राहतो. पहिल्या विमानातून गेलेले लोक पाचव्या विमानाने परतणार, म्हणजे सुरुवातीच्या चार परतीच्या फेऱ्यांना आणायला कोणीच नाही. तसेच शेवटच्या चार जाण्याच्या फेऱ्यांना न्यायला कोणी नाही, कारण त्यांना परत आणणारे विमानच उरलेले नसते. एकूण ८८ उड्डाणांपैकी आठ उड्डाणे अशी रिकामी गेली की उरलेली सगळी खचाखच भरली तरी सरासरी भारमान, म्हणजे उपलब्ध आसनांपैकी विकल्या गेलेल्या आसनांचे प्रमाण, ९१ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. तोच हंगाम अकरा आठवड्यांचा असेल तर आठ रिकाम्या उड्डाणांचा भार ४४ उड्डाणांवर पडतो आणि कमाल भारमान ८२ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. सहलीच्या धंद्यात भाडी कमी असल्याने खर्च भरून निघायलाच फार वरचे भारमान लागते, हे लक्षात घेतले म्हणजे आखूड हंगामाचे ठिकाण कितीही रमणीय असले तरी विमान कंपन्या त्याच्याकडे पाठ का फिरवतात हे उमगते. सुट्ट्यांच्या मुदतीत वैविध्य असल्यास आणि परतीला काही स्थानिक किंवा नात्यागोत्याचे प्रवासी मिळाल्यास हा तोटा थोडा कमी होतो एवढेच.

यानंतरची मेख घड्याळात आहे. मोठे विमान हे कोट्यवधी डॉलरचे भांडवल असते आणि जमिनीवर उभे असतानाही त्याचे भाडे किंवा कर्जाचा हप्ता चालूच राहतो, म्हणून ते दिवसाकाठी जास्तीत जास्त तास हवेत ठेवणे हा नियोजनाचा पाया असतो. पूर्व आफ्रिकेचा किनारा फ्रँकफर्टला इतका मानवतो याचे कारण इथे सापडते. विमान रात्री आठला फ्रँकफर्टहून निघाले तर सुमारे साडेआठ तासांनी, स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास ते मोम्बासाला उतरते, दीड तासाने पाऊण तासावरच्या झांझिबारला पोहोचते, तिथून सव्वादहाला परत फिरते आणि सव्वानऊ तासांचा प्रवास करून त्याच संध्याकाळी साडेपाचला फ्रँकफर्टला येते. साफसफाई, इंधन, जेवणाच्या गाड्या हे सगळे उरकून रात्री आठला ते पुन्हा निघायला मोकळे. चोवीस तासांचे वर्तुळ बिनचूक पूर्ण होते. आता त्याच विमानाला साडेअकरा तासांवरच्या मॉरिशसला पाठवले आणि परतीला समोरच्या वाऱ्यामुळे बारा तास धरले, तर ते दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला परत येते आणि पुढच्या उड्डाणाची तयारी होईपर्यंत मध्यरात्र होते. फ्रँकफर्ट विमानतळावर २०११पासून रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत नियमित उड्डाणांना बंदी आहे. म्हणजे अंतर तीन तासांनी वाढले आणि विमानाची एक अख्खी रात्र वाया गेली. मॉरिशसला विमाने जातातच, पण ती जाण्यासाठी भाडे तेवढे अधिक मिळावे लागते किंवा वेळापत्रकात त्या वाया जाणाऱ्या तासांचा दुसरा काही उपयोग शोधावा लागतो. प्रवाशाला तिकिटाच्या किमतीतला जो फरक अंतराचा वाटतो, तो पुष्कळदा असा घड्याळाचा असतो.

मोम्बासा आणि झांझिबार एकाच फेरीत गुंफण्याच्या या पद्धतीला त्रिकोणी मार्ग म्हणतात. दोन्ही ठिकाणांना स्वतंत्रपणे तीनशे प्रवासी मिळत नसतील तेव्हा विमानाचा काही भाग एका ठिकाणी व उरलेला दुसऱ्या ठिकाणी रिकामा करायचा आणि दोहोंची मागणी मिळून एक विमान भरायचे, असा तो हिशेब. मात्र मोम्बासा ते झांझिबार एवढ्याच प्रवासाचे तिकीट जर्मन कंपनीला सहसा विकता येत नाही, कारण १९४४च्या शिकागो परिषदेपासून आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक दोन देशांतील करारांनी बांधलेली आहे आणि तिसऱ्या देशाच्या कंपनीने दोन परक्या देशांत प्रवासी नेण्याचा हक्क, ज्याला या क्षेत्रात पाचवे स्वातंत्र्य म्हणतात, तो वेगळा मागून घ्यावा लागतो. त्रिकोणाची दुसरी अडचण कर्मचाऱ्यांची असते. वैमानिकांच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असल्याने विमान नेणारा चमू तिथेच उतरतो आणि आधीच्या फेरीने आलेला, विश्रांती घेतलेला चमू ते परत आणतो. सेवा रोजची असेल तर ही अदलाबदल एका दिवसात होते. आठवड्यातून दोनदाच विमान जात असेल तर पंधराएक माणसांचा मुक्काम तीन-चार दिवस समुद्रकिनारी कंपनीच्या खर्चाने होतो. पाहणाऱ्याला हेवा वाटावा असा हा मुक्काम हिशेबनिसाच्या डोळ्यांत मात्र सलतो.

विमान पोहोचणार तिथली धावपट्टी हा प्रश्न वरकरणी साधा, पण त्यातही खाचाखोचा आहेत. उष्ण आणि उंच जागी हवा विरळ असते, त्यामुळे पंखांना कमी उचल मिळते, इंजिनांचा जोर घटतो आणि जड विमानाला लांब धावावे लागते. धावपट्टी अपुरी असेल तर इंधन किंवा प्रवासी कमी करण्यावाचून गत्यंतर नसते. नामिबियाची राजधानी विंडहूक हिचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, पण तिथली मुख्य धावपट्टी साडेचार किलोमीटर लांब असल्याने दहा तासांचे इंधन भरलेले विमानही तिथून निघू शकते. झिंबाब्वेतील व्हिक्टोरिया फॉल्स या गावी जगप्रसिद्ध धबधबा पूर्वीपासूनच होता, मात्र मोठ्या विमानांजोगी चार किलोमीटरची धावपट्टी व नवी इमारत चिनी कर्जातून २०१६मध्ये उभी राहिली, आणि २०२२च्या वसंतात डिस्कव्हरने आपली विंडहूकची सेवा तिथवर वाढवली. विंडहूकला आधाराला घेण्याचे कारणही उघड आहे. नामिबिया १८८४ ते १९१५ जर्मन वसाहत होता, तिथे आजही जर्मन बोलणारा समाज आहे, आणि जर्मन पर्यटकांना तो देश ओळखीचा वाटतो; सहलीच्या मागणीला नात्यागोत्याच्या प्रवाशांची जोड मिळाली की मार्गाला वर्षभर टिकण्याची ताकद येते. वसाहतींचा जुना नकाशा आणि सुट्टीच्या उड्डाणांचा आजचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिले तर बरेच ठिपके जुळतात, हे काहीसे अस्वस्थ करणारे निरीक्षण कोणीही करू शकेल.

वर्षभराचा विचार केला तर कंपनीला एकेका ठिकाणाऐवजी ठिकाणांच्या जोड्या निवडाव्या लागतात. हिवाळ्यात कॅरिबियन आणि हिंदी महासागराकडे झेपावणारे विमान उन्हाळ्यात कुठे लावायचे हे ठरले नसेल तर हिवाळ्याचा नफा उन्हाळा खाऊन टाकतो. कॉन्डोर उन्हाळ्यात फ्रँकफर्टहून कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील व्हाइटहॉर्ससारख्या छोट्या गावापर्यंत थेट उडते ते याच गरजेतून. युरोपीय विमानवाहतुकीत ऋतूही दोनच मानले जातात, मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होणारा उन्हाळा आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होणारा हिवाळा, आणि गजबजलेल्या विमानतळांवरील उतरण्या-निघण्याच्या वेळा, म्हणजे स्लॉट, त्याच हिशेबाने कित्येक महिने आधी वाटले जातात.

एवढी चाळणी लावून झाल्यावर जी पाच-दहा नावे उरतात त्यांची मागणी मोजण्याचे काम सुरू होते. आरक्षण प्रणालींमध्ये साठलेल्या माहितीवरून, आज किती लोक फ्रँकफर्टहून कोणत्या थांब्याने झांझिबारला पोहोचतात आणि किती भाडे मोजतात, हे बऱ्यापैकी कळते व ती माहिती विकत मिळते. थेट सेवा सुरू झाल्यास त्यांतले किती आपल्याकडे वळतील हे वेळ, थांबे, फेऱ्यांची संख्या आणि भाडे यांना गुण देऊन काढले जाते. अवघड असते ते त्या लोकांना मोजणे जे आज प्रवासच करत नाहीत, पण थेट विमान मिळाले तर करतील. सहलीच्या मार्गांवर हा वाटा मोठा असतो आणि कोणत्याही आकडेवारीत तो दिसत नाही. इथे अनुभवी नियोजकाचा अंदाज चालतो आणि अनेकदा फसतोही. म्हणूनच सहल कंपन्यांचा शब्द मोलाचा ठरतो. विमान, हॉटेल आणि फिरणे एकत्र विकणारी कंपनी हंगामाची शंभर आसने आधीच ठोक घ्यायला तयार असेल तर विमान कंपनीची निम्मी चिंता मिटते, आणि ती तयार नसेल तर त्या ठिकाणी हॉटेलेच पुरेशी नाहीत असा अर्थ बहुधा निघतो. दर आठवड्याला सहाशे माणसे उतरवायची आणि ती दोन आठवडे राहायची, तर एका वेळी बाराशे खाटा केवळ त्या एका सेवेसाठी लागतात, आणि त्याही युरोपीय ग्राहक ज्या दर्जाची अपेक्षा ठेवतो त्या दर्जाच्या.

हॉटेले आधी की विमाने आधी, हा पेच काही ठिकाणी मुद्दाम सोडवला गेला आहे. मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेतील अधिकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात देशाच्या किनाऱ्यांचा अभ्यास करून कानकुन ही जवळजवळ निर्मनुष्य जागा निवडली, आणि सरकारी निधी व आंतर-अमेरिकी विकास बँकेचे कर्ज घेऊन रस्ते, विमानतळ आणि हॉटेले एकाच वेळी उभी केली. पुंता कानात हे काम खासगी उद्योजकांनी केले. तिथला विमानतळही १९८४मध्ये त्यांनीच बांधून सुरू केला आणि मग विमान कंपन्यांना बोलावले. बोलावण्याचे हे काम आता एक स्वतंत्र व्यवसायच झाला आहे. १९९५पासून भरणाऱ्या ‘रूट्स’ या परिषदेत जगभरच्या विमानतळांचे आणि पर्यटन मंडळांचे प्रतिनिधी विमान कंपन्यांच्या नियोजकांसमोर ठरवून दिलेल्या थोडक्या मिनिटांत आपले घोडे पुढे दामटतात: पहिली काही वर्षे उतरण्याचे शुल्क माफ, जाहिरातीचा खर्च अर्धा आमचा, उत्पन्न अमुक रकमेखाली गेले तर फरक आम्ही देऊ. असे आमिष तोट्याचा मार्ग नफ्यात आणते असे समजणे चूक आहे. दोन जवळजवळ सारख्या ठिकाणांतून एक निवडायचे असते तेव्हा ते तराजू झुकवते, आणि अनुदान संपताच सेवाही संपल्याची उदाहरणे जगभर आहेत.

विमान भरण्यासाठी केवळ फ्रँकफर्ट परिसर पुरत नाही. हँबर्ग, बर्लिन, व्हिएन्ना इथून लोक आणून ते या विमानात बसवावे लागतात. कॉन्डोर हे काम वर्षानुवर्षे लुफ्तान्साच्या छोट्या उड्डाणांवर सोपवत असे आणि भाड्याची वाटणी कराराने होई. लुफ्तान्साने २०२०च्या अखेरीस तो करार संपवण्याची नोटीस दिली, २०२२मध्ये जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने ते रोखले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि शेवटी २०२५मध्ये कॉन्डोरने युरोपातील मोठ्या शहरांना स्वतःचीच विमाने सुरू केली. झांझिबारचे विमान चालेल की नाही हे अशा प्रकारे बर्लिनच्या विमानावर अवलंबून असते. विमानातल्या आसनांच्या रचनेवरही ते तसेच अवलंबून असते. कॉन्डोरच्या नव्या एअरबस ए-३३०निओ विमानांत ३१० आसने आहेत आणि त्यांतील ३० बिझनेस वर्गाची, ६४ प्रीमियम इकॉनॉमीची; सुट्टीचा प्रवासी म्हणजे स्वस्त तिकीटवाला हे समीकरण सहलीच्या कंपन्यांनीच मोडले आहे, आणि आज ठिकाण निवडताना तिथे निवृत्त जोडपी व मधुचंद्राची मंडळी किती जातात हेही पाहिले जाते.

गणित जुळूनही घात होतो तो भलत्याच बाजूने. २०१४च्या मे महिन्यात ब्रिटिश परराष्ट्र खात्याने मोम्बासाबाबत प्रवाससूचना कडक करताच ब्रिटनमधल्या सहल कंपनीने शेकडो पर्यटकांना सुट्टी अर्धवट टाकायला लावून मायदेशी आणले आणि पुढची उड्डाणे रद्द केली. महाराष्ट्राच्या शेजारचे उदाहरण गोव्याचे आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून, आधी जर्मनी व ब्रिटनमधून आणि पुढे रशियातून, चार्टर विमाने, म्हणजे सहल कंपनीने संपूर्ण भाड्याने घेतलेली विमाने, हिवाळ्यात तिथे उतरत आली आहेत. या धंद्यातील गोव्याची प्रकृती मात्र पहिल्यापासून नाजूक, कारण पावसाळ्यामुळे हंगाम आखूड आणि दाबोळीचा विमानतळ नौदलाचा असल्याने दिवसातील काही तास नागरी विमानांना बंद. गोव्यातलाच मोपाचा नवा विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू होऊन ही दुसरी अडचण दूर झाली तोवर बरेच पाणी वाहून गेले होते: सप्टेंबर २०१९मध्ये, हंगाम तोंडावर आला असताना, ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली; पाठोपाठ महासाथ आली; आणि २०२२मध्ये ब्रिटिश नागरिकांना ई-व्हिसा मिळणे डिसेंबरपर्यंत बंद होते, म्हणजे विक्रीचे मोक्याचे महिने हातचे गेले. गोव्यातील चर्चेत विदेशी पर्यटक घटल्याचे खापर टॅक्सीचे दर आणि किनाऱ्यावरचा कचरा यांवर फोडले जाते. त्यात तथ्य आहेच, पण ज्या ग्राहकाला गोव्याऐवजी इजिप्त किंवा श्रीलंका तितकीच चालते, त्याच्या हिशेबात व्हिसाचे शुल्क आणि त्यासाठीची धावपळ कचऱ्याच्या आधी येते.

मुंबईहून पाहिले तर हेच गणित उलट्या दिशेने मांडता येते, कारण आता सुट्टीला निघणारी माणसे इथे आहेत. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांचे गट मे महिन्यात आणि दिवाळीत एकवटतात, मधले महिने सुने जातात, म्हणून तीनशे आसनांचे विमान केवळ सहलींवर वर्षभर भरणे कठीण. यावर उपाय म्हणून विमान कंपन्या लहान पण दूर पोहोचणाऱ्या विमानांकडे पाहत आहेत. सुमारे ८,७०० किलोमीटर पल्ल्याच्या एअरबस ए-३२१एक्सएलआर या, आसनांमधून एकच वाट असलेल्या विमानाच्या भरवशावर इंडिगोने जानेवारी २०२६पासून मुंबई-अथेन्स सेवा जाहीर केली. दोनशेच्या आत आसने असल्याने अथेन्ससारख्या ठिकाणाला नोव्हेंबरातही ती भरणे आवाक्यातले वाटते. पल्ल्याचे महत्त्व किती हे याच कंपनीने त्याआधी, एप्रिल २०२५मध्ये अनुभवले होते, जेव्हा पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि ताश्कंद व अल्माटी ही दिल्लीहून सहज पोहोचता येणारी ठिकाणे तिच्या तेव्हाच्या छोट्या विमानांच्या टप्प्याबाहेर गेली. अथेन्सच्या बाबतीत अडसर निराळा आहे: ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो, मे महिन्याच्या सहलीसाठी त्याच्या मुलाखतीची तारीख हिवाळ्यातच धरून ठेवावी लागते, आणि पासपोर्टवर शिक्का पडेपर्यंत पुष्कळ कुटुंबे तिकिटाचे पैसे भरत नाहीत, त्यामुळे आसने भरणार की नाहीत हे कंपनीला उड्डाणाच्या अगदी तोंडावर कळते.